बोटांना डोळे असलेली बाई

समता कॉलोनीतल्या कुमुदबाईंच्या दवाखान्यात हात धुवायचं बेसिन तपासणीच्या खोलीत नव्हतं. ते बाहेर होतं, बायका बसायच्या त्या बाकाच्या अगदी समोर. नळ आत घेता आला असता, पण बाईंनी घेतला नाही. आतली बाई पडद्यामागे अजून साडी सारखी करत असायची, आणि इकडे कुमुदबाई बाहेर येऊन कोपरापर्यंत साबण फासत नुकतंच आत काय पाहिलं ते बाकाला सांगायला लागायच्या. नाव घ्यायच्या नाहीत. नाव घ्यायची गरजही नव्हती, कारण पडदा सारून कोण बाहेर येतंय ते सगळ्यांना दिसायचंच.

"तीन लेकरं झाली, आन् हिचा नवरा अजून म्हणते मी सांभाळून घेतो," बाई नळाखाली बोटं चोळत म्हणायच्या. "काय सांभाळते तो? त्याले सायकल सांभाळता येत नाही."

बाक खदखदून हसायचा. ज्या बाईबद्दल बोलणं झालं ती मान खाली घालून चप्पल शोधायची, आणि पुढच्या खेपेला तीच बाकावर बसून दुसरीला हसायची. मी बाकाच्या टोकाशी टेबल टाकून नावं लिहून घ्यायचे आणि नंबर पुकारायचे. बरीच वर्षं केलं हे काम. कुमुदबाईंसारखी हुशार बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि त्यांच्याइतकी दुष्टही नाही.

दिसायला बुटक्या, जाड, खळ घातलेली सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. घर ब्राह्मणपाऱ्यात. तिथून स्कूटीवर यायच्या, साठी उलटली तरी, आणि वाटेतल्या गाईला आणि पोलिसाला एकाच आवाजात हॉर्न मारायच्या. तोंडात सदा एक लवंग. माझ्याशी मराठी, बाकाशी हिंदी, आया दुलारीशी इथली छत्तीसगढी, आणि रागावल्या की तिन्ही एकदम. त्यातलं पुष्कळसं मी इथं मराठीतच सांगतेय.

त्यांचं चांगलंही सांगायला हवं, नाहीतर बायका त्यांच्याकडे का येत होत्या ते कळणार नाही. एकदा एक सासू भांडायला आली. सुनेला दोन मुली होत्या आणि बाईंनी तिला कॉपर-टी बसवली होती, ते सासूला शेजारणीकडून कळलं होतं. सासू दारातूनच ओरडत आली, "मॅडम, आपने मेरा पोता रोक दिया!" कुमुदबाई तेव्हा हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला, ओले हात तसेच सासूच्या खांद्यावर ठेवले आणि तिला तपासणीच्या टेबलाकडे ढकलत म्हणाल्या, "पोता चाहिए? चलो, चढ़ो टेबल पे, तुम ही जन लो. बहू को काहे तकलीफ?" सासू पदर तोंडावर घेऊन पळाली. सुनेनं त्या दिवशी कुमुदबाईंचे पाय धरले. अशा सुना पुष्कळ होत्या, आणि आपल्या बाजूनं असं बोलणारं त्यांना दुसरं कोणी नव्हतं. म्हणून त्या बाकीचं सगळं सोसायच्या.

बाईंचा एक लाडका शब्द होता. खरं तर तोच त्यांचा धर्म होता म्हणा.

कॉपर-टीला खाली दोन बारीक धागे असतात. ती जागेवर आहे की नाही हे डॉक्टर धाग्यावरून ओळखतात. धागा लागला नाही तर काहीही झालेलं असू शकतं. ती गळून पडलेली असेल, धागा वर ओढला गेला असेल, किंवा टी गर्भपिशवीची भिंत फोडून पोटात गेली असेल. दुसरे डॉक्टर अशा वेळी सोनोग्राफी करतात, एक्स-रे काढतात. कुमुदबाई बोटानं तपासायच्या, डोळे मिटायच्या, लवंग या गालातून त्या गालात न्यायच्या, आणि म्हणायच्या, "पडली." मग तिथंच, त्याच बैठकीत, दुसरी बसवून टाकायच्या.

मी एकदा विचारलं होतं, "बाई, एक्स-रे काढून पाहायला नको का?"

"सुनंदे," त्या म्हणाल्या, "ज्याच्या बोटाले डोळे नाहीत त्यानं एक्स-रे काढावा. माह्या बोटाले डोळे हायेत."

हे वाक्य त्या सगळ्यांना ऐकवायच्या. एका शाळेतल्या शिक्षिकेनं धीर करून म्हटलं, "मॅडम, गिरी होती तो मुझे पता चलता ना?" कुमुदबाई बेसिनपाशी आल्या आणि साऱ्या बाकाला उद्देशून म्हणाल्या, "बहनजी रोज लैट्रिन में झाँक के देखती हैं, क्या क्या गिरा." बाक हसून लोटपोट झाला. शिक्षिका आत गेली, दुसरी कॉपर-टी बसवून बाहेर आली आणि पुन्हा कधी आली नाही. तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

बाईंच्या टेबलावर एका लहान काचेच्या बाटलीत नमुन्याची कॉपर-टी असायची. घाबरलेल्या पोरींना ती दाखवून बाई म्हणायच्या, "एवढीशी तर हाये, कानातल्या बाळीएवढी." पुढे कुणाच्या तरी लेकरानं ती बाटलीतून काढून मोरीत टाकली. बाईंनी त्या लेकराच्या आईला फैलावर घेतलं, पण नमुन्यासाठी नवं पाकीट काही फोडलं नाही. तसा त्यांचा हात आखडता. बाटली रिकामीच राहिली.

आता दुलारी. दुलारी दवाखान्याची आया. शहराबाहेरच्या बीरगांवहून यायची. नवरा उरला गावच्या कारखान्यात, पदरी तीन पोरी, थोरली रमशीला. दुलारी औजारं उकळायची, फरशी पुसायची, टेबलावर बायकांचे पाय धरायची. आणि बीरगांवातल्या आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका घेऊन यायची. "मैं हूँ ना," असं म्हणून आणायची. कॉपर-टी बसवायला आलेल्या त्या भागातल्या बहुतेक बायका दुलारीच्याच बोटाला धरून आलेल्या. पाऱ्यात तिला त्यामुळे मान होता, लोक तिला "डॉक्टरिन" म्हणायचे.

तिसऱ्या बाळंतपणानंतर ती लवकरच कामावर आली. पोरगी अंगावर पीत होती. एका दुपारी बाक रिकामा झाला तशी बाई म्हणाल्या, "चल दुलारी, तहूं चढ़ जा." तूही चढ टेबलावर. मेहेरबानी होती ती. दुलारीनं औजारं स्वतःच उकळून ठेवली होती. पडद्याच्या आतून तिची किंकाळी आली, आणि पाठोपाठ बाईंचा आवाज, "काहे चिल्लाथस? लइका होते समय तो नहीं चिल्लाई." लेकरू होताना तर ओरडली नव्हतीस, म्हणे. दुलारी बाहेर आली ती भिंतीला धरून. थोडा वेळ स्टुलावर बसली, मग उठून फरशी पुसायला लागली.

पुढच्या तपासणीला धागा लागला नाही. बाईंनी डोळे मिटले, लवंग फिरवली. "पडली."

दुसरी बसली. ती नीट बसली, धागाही लागला. पण दुखणं पहिलीपासून सुरू झालं होतं ते तसंच राहिलं. ओटीपोटात कळ, मग लघवीला जळजळ, मग घडीघडी जाणं. "पेट पिराथे, मॅडम," ती म्हणायची. पिराथे म्हणजे दुखतंय. हा शब्द मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की माझ्याही तोंडी बसला.

बाईंनी आधी गॅसच्या गोळ्या दिल्या. मग जळजळीच्या. बरं वाटायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मग बाईंना कंटाळा आला. कुमुदबाईंना कंटाळा आला की त्या माणसाची गंमत करायच्या, त्यांचा तो स्वभावच.

दुलारी एका हातानं पोट दाबून, किंचित वाकून चालायला लागली होती. कुमुदबाई बेसिनपाशी हात धुवायच्या, मग तेच ओले हात पोटावर ठेवून, ढुंगण मागे काढून, बाकासमोरून तशाच चालून दाखवायच्या. "देखो, महारानी की सवारी!" नक्कल फार हुबेहूब होती. नवीन आलेल्या बायकाही हसायच्या. जिच्यावर हसतायत ती हातात पोछा घेऊन तिथंच उभी आहे, हे त्यांना माहीत असायचं, तरी हसायच्या. दुलारीही ओठ दाबून हसल्यासारखं करायची.

तिजाच्या सणाला या भागात लग्न झालेल्या लेकी माहेरी जातात. दुलारीनं सुट्टी मागितली की बाई म्हणायच्या, "तीजा आगे, महारानी के पेट पिराही." तिजा आली, आता महारानीचं पोट दुखणार. एका वर्षी ती माहेरी गेलीच नाही. म्हणाली, मोटारीत एवढा वेळ बसवत नाही. बाई म्हणाल्या, "अबे, यंदा नाटक जमलं नाही वाटते."

आणि बीरगांवातल्या बायकांमुळे ते "महारानी" तिच्या घरापर्यंत पोचलं. रमशीला एकदा डबा द्यायला आली होती. आई सावकाश उठायला लागली तर पोरगी म्हणाली, "चल ना महारानी." बाक हसला आणि पोरगीही खूष झाली. मला त्या दिवशी बाईंचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

मग बाई नागपूरला भाचीच्या लग्नाला गेल्या. दवाखाना बंद राहू नये म्हणून एक नवी डॉक्टर मुलगी काही दिवस बसवली. ती हळू बोलायची, आणि हात पडद्यामागेच पुसायची. बाकाला तिचा फार कंटाळा आला. तिनं दुलारीला चालताना पाहिलं आणि विचारलं, "दीदी, क्या हुआ?" दुलारी म्हणाली, "कुछ नहीं, नाटक हे मोर." नाटक आहे माझं. त्या मुलीला ते विनोदी वाटलं नाही. तिनं दुलारीला बसवून सगळं विचारलं. लघवीतून रक्त जातंय हे दुलारीनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मुलीनं तिला मागच्या गल्लीतल्या एक्स-रेवाल्याकडे पाठवलं.

एक्स-रेची काच आली. मुलीनं ती ट्यूबलाइटसमोर धरली आणि मला हाक मारली. काचेत दोन टी होत्या. एक मधोमध, सरळ, जिथं असायला हवी तिथं. दुसरी तिच्या खाली, आडवी, आणि तिच्याभोवती पांढरा गोळा.

"ही लघवीच्या पिशवीत आहे," ती मुलगी म्हणाली. "आणि तिच्यावर खडा धरलाय. बाळंतपणानंतर गर्भपिशवी मऊ असते. बसवली त्याच दिवशी भिंतीत रुतली असणार, आणि पुढं आरपार गेली. पडली कधीच नव्हती."

दुलारी काचेकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल. ती हसली. दवाखान्यात तिला असं मोकळं हसताना मी तेवढंच पाहिलं. म्हणाली, "तो मैं झूठ नहीं बोलत रहेंव, सुनंदा दीदी." खोटं बोलत नव्हते मी. तिला एवढंच हवं होतं. ते कुमुदबाईंनी म्हणावं, आणि बाकासमोर म्हणावं.

बाई परत आल्या. काच मीच टेबलावर ठेवली. त्यांनी ती उजेडाला धरली, बराच वेळ धरली, आणि पहिल्यांदाच लवंग फिरवायच्या विसरल्या. मग खाली ठेवली.

"एक माही हाये," त्या म्हणाल्या. "दुसरी माही नाही. सरकारी दवाखान्यात कोणी तरी घातली असन."

दारात दुलारी उभी होती. शांतपणे म्हणाली, "दूनो तुंहरे हाथ के आय, मॅडम." दोन्ही तुमच्याच हातच्या.

बाई उठल्या. त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं ओरडतील, पण आवाज मऊ होता, आणि तो मऊ आवाज मी कधी विसरणार नाही. "देख दुलारी. तोर पारा के कतका बाई ला तैं लाने हस? किती जणी आणल्या तू? तू हे सांगशील तर त्या सगळ्या आधी तुझ्या दारात येतील. मले कोणी काही म्हणणार नाही, मी डॉक्टर हाओ. तुले म्हणतील, डॉक्टरिन, तूनं आमच्या पोटात हे काय घातलं. मग राहशील का बीरगांवात?" वर म्हणाल्या, "पथरी है. पथरीचं ऑपरेशन हाये, असं सांग. खोटं थोडंच हाये, खडा तर हायेच."

दुलारीनं "हव" म्हटलं. हो म्हटलं. दार उघडून ती औजारं उकळायला गेली.

मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. बाईंनी स्वतः फोन करून ओळख लावून दिली, तेवढंही केलं. डॉक्टरांनी खडा फोडून टी बाहेर काढली. आतली, जागेवरची, तशीच ठेवली, कारण कुमुदबाईंनी फोनवर सांगितलं की ती नीट आहे, तिला हात लावू नका. काढलेली वस्तू डब्बीत घालून दुलारीच्या हातात दिली. कामावर रुजू झाली त्या दिवशी ती डब्बी पदरात बांधून घेऊन आली.

बाक भरला होता. कुमुदबाई हात धूत होत्या. दुलारीनं त्यांच्यासमोर डब्बी उघडून धरली. ती कशाची वाट पाहत होती ते मला कळत होतं आणि बाईंनाही कळत होतं. बाईंनी ओल्या बोटांनी ती टी उचलली. चुन्यासारखा थर अजून जागोजागी चिकटलेला होता, तांबं काळं पडलं होतं. त्यांनी ती इकडून तिकडून पाहिली, परत डब्बीत टाकली आणि म्हणाल्या,

"बने घिस के लान. बोतल खाली पड़े हे."

नीट घासून आण, बाटली रिकामी आहे. दुलारी मोरीवर गेली. ती औजारं ज्या ब्रशनं घासायची त्याच ब्रशनं तिनं ती टी घासली. घासल्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. मग तिनं ती उकळली, पुसली आणि बाटलीत घातली.

त्यानंतर बाईंनी एक नवीन पद्धत सुरू केली. घाबरलेली पोरगी आली की दुलारीला हाक मारायच्या. दुलारीनं बाटली घेऊन यायचं, पोरीच्या डोळ्यांपुढे धरायची. बाई म्हणायच्या, "एवढीशी तर आहे. दुखते का, तिलाच विचार, तिनं पण बसवली आहे." हे हिंदीत. आणि दुलारी म्हणायची, "नइ पिरावय, दीदी." नाही दुखत. पोरीचा जीव भांड्यात पडायचा. बाक मान हलवायचा. दुलारी बाटली जागेवर ठेवून पुन्हा पोट धरून चालायला लागायची, कारण दुखणं कमी झालं होतं, गेलं नव्हतं. आणि चाल तीच राहिली होती, त्यामुळे नक्कलही चालूच होती.

पुढं काही वर्षांनी रेल्वेनं माझ्या नवऱ्याची बिलासपूरला बदली केली तेव्हा मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी पिशवी घेऊन निघाले होते. बाई मला दारापर्यंत सोडायला येणार नाहीत हे ठाऊक होतं, तरी रेंगाळले. बाक गच्च भरला होता, बहुतेक बीरगांवच्या बायका. त्यांच्यात रमशीला बसली होती. तिचं लग्न होऊन गेलं होतं, अंगावर पिणारं लेकरू सासूच्या मांडीवर होतं, आणि ती कॉपर-टी बसवायला आली होती. आईनं आणलं नव्हतं तिला. सासूनं आणलं होतं, विहीण दुलारी "डॉक्टरिन" आहे या भरवशावर.

रमशीला घाबरली होती. "मॅडम, बहुत पिराथे का?" तिनं विचारलं.

कुमुदबाई बेसिनपाशी होत्या. त्यांनी हाक मारली, "दुलारी! बोतल लान. तोर बेटी पूछत हे."

दुलारी बाटली घेऊन आली. ती लेकीसमोर धरली. आतली टी काचेवर वाजत होती. तिनं एकदा लेकीच्या पोटाकडे पाहिलं, एकदा सासूच्या मांडीवरच्या तान्ह्या लेकराकडे. साऱ्या बाकासमोर, मोठ्यानं, ती म्हणाली,

"पिराथे, बेटी. अब्बड पिराथे. झन लगवा."

फार दुखतं, बसवू नकोस.

मग कुमुदबाईंनी नळ बंद केला, ओले हात पोटावर ठेवले, किंचित वाकल्या, आणि बाकासमोरून चालत गेल्या. "आ गई महारानी की सवारी!" बाक फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, सासू लेकराला छातीशी धरून हसत होती.

पण सगळ्यांत आधी हसली होती ती रमशीला. तिची भीती गेली होती. डोळे पुसत ती उठली, आईच्या हातातल्या बाटलीला वळसा घालून आत गेली आणि टेबलावर चढली. कुमुदबाईंनी हात झटकले आणि पडदा ओढता ओढता दुलारीला हाक मारली, पाय धरायला ये म्हणून.